उजव्या हाताला भिंत

सुदाम,

काल तुझ्या पुण्यानुमोदनाला आलो होतो. पत्रिकेवर शेजारीच जलदान विधी असंही छापलं होतं. ते वाचून माझं डोकं फिरलं. पाण्यानं नेलेल्या माणसाच्या नावानं पाणी कसलं द्यायचं? पण असलं काही बोलायचा मला हक्क नाही, म्हणून मांडवात मुकाट्यानं बसलो. कारखान्यातली वीसेक माणसं आली होती. तुझ्या फाउंड्रीच्या सुपरवायझरनं भाषण केलं. तू जिद्दी होतास, धाडसी होतास, कामगारांची शान होतास, असं बरंच काही. जिवंतपणी हाच माणूस तुला दोन मिनिटं उशीर झाला तरी गेटवर ताटकळत ठेवायचा. तू शेजारी असतास तर माझ्या बरगडीत कोपर मारलं असतंस. तुझ्यापुरती जागा सोडून मी बसलो होतो, हे मला निम्मं भाषण उरकल्यावर कळलं.

बाकी सगळे हळू आवाजात एकच विचारत होते. नीट पोहता येत नव्हतं तर हा गडी पाण्यात उतरलाच कशाला? याचं उत्तर त्या मांडवात फक्त माझ्याकडे होतं. तुझ्या आईला ते सांगायचं की नाही, हे ठरवण्यात माझे दहा दिवस गेले होते. दोनदा तुमच्या वस्तीच्या तोंडापर्यंत येऊन परत फिरलो होतो.

दसऱ्याच्या पंधरा दिवस आधी कॅन्टीनच्या फळ्यावर तो कागद लागला. परदेशात जाऊन आलेल्या कुणा इंजिनिअरच्या डोक्यातून निघालेलं खूळ. नाथसागरात या काठावरून त्या काठावर दोन किलोमीटर पोहायचं, तिथून सायकलीवर पैठण रस्त्यानं शहर गाठायचं, आणि मग शहराला वळसा घालून विद्यापीठाच्या बाजूनं वीस किलोमीटर पळायचं. सगळं एका दिवसात, एका दमात. लोक कागद वाचून हसत होते. तू हातातला चहा खाली ठेवलास आणि पेन मागितलंस.

अर्जावर एक ओळ होती. अर्जदाराला पोहता येतं याची खात्री देणाऱ्या सहकाऱ्याची सही. तू तो कागद घेऊन मशीन शॉपमध्ये माझ्यापाशी आलास.

"तुला पोहता येतं का रं?" मी विचारलं.

"नाय."

"मग?"

"शर्यत संक्रांतीनंतर हाय. तवर येईल. तू हायस की."

मी लेथ बंद केला, कॉटन वेस्टला हात पुसले आणि हसत हसत सही ठोकली. माझ्या अंगठ्याचा तेलकट डाग सहीच्या शेजारी उमटला. मला तेव्हा ती थट्टाच वाटत होती. तुला मात्र वाटत नव्हती.

तुला पोहता का येत नाही, हे मला माहीत होतं, फक्त आपण ते कधी बोललो नव्हतो. आमच्या धनगराच्या घरात पोर चालायला लागलं की पाठीला वाळका भोपळा बांधून त्याला विहिरीत सोडायची रीत. पाच वर्षांचा होईस्तोवर मी काठावरून उडी मारत होतो. आपल्या गावात पोहण्याजोग्या दोनच विहिरी, आणि दोन्हींच्या पायऱ्या तुमच्या वस्तीला बंद. आम्ही उड्या मारायचो तेव्हा तू बांधावर उभा राहून आमची मेंढरं सांभाळायचास. वर कुणाच्या किती उड्या झाल्या ते मोजायचास. मी लबाडी केली की मोठ्यानं ओरडून सांगायचास. एवढी वर्षं गेली, आपण दोघं चिकलठाण्याला एकाच कारखान्यात लागलो, एकाच डब्यातलं खाल्लं, पण त्या बांधाचा विषय तूही काढला नाहीस आणि मीही नाही.

बाकीच्या विषयांवर मात्र आपण कमी भांडलो नाही. सायकली शेजारी शेजारी घेऊन कामावर निघालो की चितेगावच्या आसपास विद्यापीठाचं नामांतर निघायचं आणि नक्षत्रवाडीच्या चढाला दम लागेपर्यंत चालायचं. मी म्हणायचो, आता बास झालं, नावानं कुणाचं पोट भरलंय? तू म्हणायचास, "मग न देणाऱ्यांचं पोट का दुखतंय?" त्यावर मी पायडल जोरात मारायचो. पहिल्या दंगलीत तुमच्या वस्तीतली काही घरं जळाली होती. ती कुणी जाळली हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि विचारायला गेलं तर कुणालाच ठाऊक नव्हतं. विद्यापीठाची पाटी अजून तीच आहे. ते भांडण आता मला एकट्यालाच करावं लागणार, आणि खरं सांगू, मी हरायला लागलोय.

त्या बंदच्या दिवशीचं तुला आठवत असेल. कारखाना अर्ध्यात सुटला, रस्त्यावर काचा पडलेल्या, आणि उस्मानपुऱ्यात पंधरा-वीस पोरांनी आपल्याला अडवलं. निळे झेंडे होते, हातात सळया होत्या. एकानं माझ्या सायकलचं हँडल धरून विचारलं, कोणत्या गावचा, कुणाचा? तू मध्ये आलास आणि म्हणालास, "हात लावायचा नाय. माझा भाऊ हाय त्यो." हे बोलायला तुला एक क्षणही लागला नाही. त्यांनी हँडल सोडलं. पुढच्या वळणावर तू माझी टिंगल केलीस, की धनगराचं कोकरू थरथरत होतं म्हणून. मी चिडलो होतो. तुझे आभार मानायचे तेवढे राहिले.

सायकलीची तुला चिंता नव्हती. रोजचे पन्नास किलोमीटर पायांत होतेच. उस्मानपुऱ्यातल्या रशीदभाईनं तुझ्या सायकलचं कॅरिअर, स्टँड, मडगार्ड, घंटी सगळं उतरवून तिची काडी केली. काम करता करता तो म्हणाला, "सायकल मेरेकू समझती, दौडना बी समझता. पानी से मस्ती मत कर, बाबा." तू म्हणालास, "उस्ताद है ना साथ में." आणि माझ्याकडे बोट दाखवलंस. मी मान ताठ केली.

पळण्याचं वेगळंच होऊन बसलं. त्या दिवसांत आपल्याकडे कुणी उगाच पळत नव्हतं. पळणारा माणूस म्हणजे मागे काहीतरी पेटलंय, असंच लोक समजायचे. तू पहिल्यांदा बिडकीनच्या पेठेतून पळत गेलास ती सकाळ माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. तू पुढे, मी मागे सायकलीवर. आधी एका कापडवाल्यानं शटर ओढलं. मग शेजारच्यानं. मग आवाजावर आवाज येत गेले. एक बाई पोराला काखेत मारून आत पळाली. चहावाल्यानं स्टोव्ह विझवला आणि मला ओरडून विचारलं, "कुठं लागली रं? कुठं लागली?" मी सायकलीवरून बोंबलत होतो, "शर्यत हाय! नुसती शर्यत हाय!" पण पेठेच्या शेवटापर्यंत सगळी दुकानं बंद झाली होती आणि त्या रिकाम्या रस्त्यावर तू एकटा पळत होतास. तिथे हवालदारानं तुझी गचांडी धरली. तू हसत सुटलास. मला हसू आलं नाही. दुसऱ्या दिवशी मी मशीनच्या रंगानं तुझ्या बनियनवर पुढून-मागून मोठा सतरा आकडा काढला, म्हणजे लोकांना कळावं की हा माणूस कशापासून पळत नाही. खरा नंबर अजून मिळाला नव्हता. सतरा मी मनानंच घातला.

आता विहीर.

आपल्याला दुपारची पाळी असली की सकाळ मोकळी असायची. आण्णा, म्हणजे माझे थोरले चुलते, बाप गेल्यावर मला वाढवलेले, बाजाराला नाही तर शेताला जायचे. तेवढ्या वेळात तू मागच्या बाजूनं आमच्या विहिरीवर यायचास. पहिल्या दिवशी तू पायऱ्यांवर पाय ठेवलास आणि थांबलास. मी खाली पाण्यातून म्हणालो, "ये की, कुणी नाय." तुझा चेहरा मला अजून दिसतो. तुला भीती पाण्याची नव्हती.

भोपळा तुझ्या वजनाला पुरेना, म्हणून कारखान्यातला पाच लिटरचा ऑइलचा रिकामा डबा तोंड झाळून, हवाबंद करून आणला आणि तुझ्या पाठीला बांधला. आम्हाला शिकवलं तसंच मी तुला शिकवलं. विहिरीच्या कडेकडेनं गोल फिरायचं. उजवा हात भिंतीला. दम लागला की दगडाला धरायचं. "भिंत सोडू नको," मी शंभरदा सांगितलं असेल. "भिंत हाय तवर तू हायस." तीन आठवड्यांत डबा सुटला. त्या दिवशी तू मोकळ्या पाठीनं चार फेऱ्या मारल्यास. वर येऊन थुंकलास, शिंकलास आणि आकाशाकडे बघत म्हणालास, "माझ्या बापानं हे कवाच केलं नाय." मी इतका खूष झालो होतो, की दिवाळीपर्यंत तुला भिंत सोडून सरळ पाणी कापायला शिकवतो आणि मग नाथसागराच्या मोकळ्या पाण्यात बरोबर घेऊन जातो, असं सांगून टाकलं. विहिरीत शिकलेल्या प्रत्येकाला ते वेगळं शिकावं लागतं, नाहीतर मोकळ्या पाण्यात तो आपोआप एका अंगाला वळत जातो. आम्हाला हे धरणावर मेंढरं धुताना थोरल्यांनी शिकवलं. तुला मी शिकवायचं होतं.

तू टॉवेल गुंडाळून पायऱ्या चढत होतास आणि वर आण्णा उभे होते. बाजारातून लवकर परतले होते. मला वाटलं, आता शिव्या बसणार. आण्णा हसले. "काय सुदाम, लई उकडतंय व्हय?" तू म्हणालास, "व्हय आण्णा." "बरं हाय. जावा आता. पाळीची वेळ झाली असंल." एवढंच. कपडे घालताना तू मला म्हणालास, म्हातारा चांगला माणूस आहे. मला ते हसणं ओळखीचं होतं. विकायचं मेंढरू निवडताना ते असंच हसतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला म्हणाले, "इंजन लाव. विहीर उपसायची."

मी म्हणालो, "आण्णा, पाणी लई हाय. नासाडी व्हईल."

"व्हऊ दे. गावात चार तोंडं चालू झालीत. दिवस कसलं चालल्यात, बघतोस ना?"

मी पाण्याच्या नासाडीचं बोललो, सुदाम. त्याला मी पोहायला शिकवतोय, तो माझा मित्र आहे, त्यानं मला उस्मानपुऱ्यात भाऊ म्हटलं होतं, यातलं एकही वाक्य माझ्या तोंडातून बाहेर पडलं नाही. मी हँडल मारलं. इंजिन सुरू झालं. दोन दिवस ते धडधडत राहिलं, आणि तू पोहलास ते पाणी नाल्यात जात राहिलं. नाला तुमच्या वस्तीला लागून. तुझी आई आणि बाकीच्या बाया हंडे घेऊन धावल्या. गोधड्या धुतल्या, पोरांना अंघोळी घातल्या. तुझ्या आईनं लांबून मला हाक मारून म्हटलं, "लई बेस झालं रामा, घरापातूर पानी आलं!" मी हात हलवला. तळ उघडा पडल्यावर आण्णांनी गोमूत्र शिंपडलं आणि वर नारळ फोडला.

तुला मी सांगितलं, विहिरीतला गाळ काढतोय, आता काही दिवस जमायचं नाही. तू माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलंस. मग म्हणालास, "बरं." त्यानंतर दिवाळी आली. मग थंडी पडली. मी म्हणायचो, पाणी गार आहे, जरा थांबू. मी म्हणायचो, ओव्हरटाइम आहे. एकदा तर नाव काढून घे म्हणालो. तू म्हणालास, "सही तुझी हाय, तूच जाऊन खोड." मी गेलो नाही. मला लाज वाटली. सही खोडायची तर कारण द्यावं लागलं असतं.

तू रविवारी एकटाच नाथसागरावर जात होतास, हे मला माहीत होतं. छातीभर पाण्यात हात मारून येतो, असं तू सांगायचास. काठ धरून, अर्थात. मी विचारलं नाही कसं चाललंय. आपल्या सायकली रोज शेजारीशेजारीच जात होत्या, पण मी नवीन गाड्या, वाळूजला उभे राहणारे नवे कारखाने, असलं काहीबाही बडबडत राहायचो. तू ऐकून घ्यायचास. त्या दोन-अडीच महिन्यांत आपण एकदासुद्धा भांडलो नाही. तेवढ्यावरूनच मला कळायला हवं होतं.

शर्यतीच्या सकाळी पाण्यावर धुकं होतं. समोरच्या काठावरचं निशाण अधूनमधून दिसायचं. एकच होडी होती, ती उजव्या बाजूनं चालणार होती. तुला खरा नंबर एक्केचाळीस मिळाला. तू माझ्याकडे बघून दंड थोपटलेस आणि मी वेड्यासारखा टाळ्या वाजवल्या. शिट्टी झाली. पहिली पाचेक मिनिटं मी तुला गर्दीत शोधत होतो. मग गर्दी पुढे सरकली आणि एक डोकं तिच्यातून हळूहळू सुटं झालं. डावीकडे. अजून डावीकडे. लोक म्हणाले, हा कुठे चालला? मी ओरडलो, "उजवीकडं! सुदाम, उजवीकडं!" पण मला कळलं होतं. तू मी शिकवलं तसंच पोहत होतास. गोल. उजव्या हाताला जी भिंत असायला हवी होती तिच्या कडेकडेनं. होडी वळेपर्यंत धुकं परत उतरलं होतं. कपड्यांसकट मीही उतरलो. मला सरळ पोहता येतं, सुदाम. मी सरळ गेलो आणि तिथे कुणी नव्हतं.

तू दुपारी सापडलास. ते मी लिहिणार नाही.

तुझी सायकल रांगेत एकटीच उरली होती. ती टेम्पोत टाकून आणली. परवा रशीदभाई दुकानातून उठून रस्त्यावर आला आणि म्हणाला, "उसका कॅरिअर मेरे कनेच रखेला है. क्या करूं उसका?" मी म्हणालो, राहू दे. तो रडायला लागला. मला त्याचा हेवा वाटला.

काल मांडव रिकामा झाला तेव्हा तुझी आई दाराशी बसून चहाच्या कपबशा गोळा करत होती. मी शेजारी बसलो. फोटोसमोरची मेणबत्ती अजून जळत होती. पुन्हा परत फिरलो असतो तर जन्मभर फिरतच राहिलो असतो, म्हणून एका दमात बोललो.

"मावशी, आमची विहीर गाळासाठी उपसली नव्हती."

"मग?"

"सुदाम उतरला म्हणून. आण्णानं सांगितलं. इंजन मी लावलं."

ती कपात कप घालत राहिली. मला वाटलं, आता हंबरडा फोडील, मला शिव्या देईल, बाहेर काढील. मी ते सगळं घ्यायला तयार होऊन आलो होतो. खरं म्हणजे तेच घ्यायला आलो होतो.

"किती दिस चाललं व्हतं इंजन?" तिनं विचारलं.

"दोन."

"आन परत भरली कवा?"

"चार दिसांत. झरं मोठं व्हतं तवा."

"म्हंजी दिवाळीच्या आदीच."

"व्हय."

"आन शर्यत संक्रांतीच्या मागनं."

"व्हय, मावशी."

"तुझा आण्णा रोज बसायचा का रं विहिरीवर?"

"नाय. बाजाराला जायचा. शेताला जायचा."

मग तिनं हातातली बशी खाली ठेवली आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. तिला खरंच समजून घ्यायचं होतं.

"मग तू त्याला परत का नाय बोलावलं?"

मी तोंड उघडलं. आण्णांचं नाव येईल, गावाचं येईल, दिवस वाईट होते असं काहीतरी येईल, असं मला वाटलं होतं. काहीच आलं नाही. ती उत्तराची वाट बघत बसली होती. आणि मी, सुदाम, उठलो, चपला घातल्या आणि घरी आलो.